खाडा कोणाचा?

मुंबईच्या धारावीत खासगी दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांना संशोधकांनी एकदा साधा प्रश्न विचारला. फुफ्फुसाच्या क्षयाचा रुग्ण आला तर त्याला कोणती औषधे, किती आणि किती दिवस लिहून द्याल? १९९१ साली त्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभर डॉक्टरांनी मिळून ८० निरनिराळ्या तऱ्हेचे उपचार लिहिले होते. जवळपास वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयातील छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वस्तीत तसाच प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेला १०६ डॉक्टर होते, उपचारांचे प्रकार ६३ निघाले आणि बरोबर उपचार लिहिणारे डॉक्टर फक्त ६.

ज्या रोगाची औषधे ठरलेली, मात्रा ठरलेली, मुदतही ठरलेली, त्या रोगाची ही गत. तरीही क्षय हटत का नाही, असे विचारले की बाह्यरुग्ण विभागापासून मंत्रालयापर्यंत एकच उत्तर ऐकू येते : 'पेशंट कोर्स अर्धवट सोडतात.'

'खाडा' हा शब्द मराठी घरात कॅलेंडरवर राहतो. दूधवाला आला नाही की त्या तारखेवर फुली, कामवाल्या मावशींनी दांडी मारली की फुली. ऊसतोडीच्या फडावर हाच शब्द मुकादमाच्या वहीत असतो आणि तिथे खाड्याला दंड असतो. क्षयरोग कार्यक्रमातही रुग्णाच्या नावापुढे रोजच्या गोळीचे रकाने असतात. सलग दोन महिने औषध चुकलेल्याला अनेक वर्षे 'डिफॉल्टर' म्हणत. बँक कर्ज थकवणाऱ्याला म्हणते तेच. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द काढून टाकला आणि 'पाठपुराव्यातून निसटलेला' अशा अर्थाचा सौम्य शब्द आणला. शब्द बदलला, बोट मात्र रुग्णाकडेच राहिले. डॉक्टरांचे, पुरवठ्याचे, रेशनचे, घरबांधणीचे खाडे या वहीत कोणी मांडत नाही. क्षयाचा हिशेब चुकतो तो तिथे.

हा हिशेब मांडण्याआधी रोगाची रीत समजून घ्यायला हवी. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. तोवर हा रोग घराण्यातून येतो, नाही तर नशिबातून, अशी समजूत होती. आपल्या पुराणांत तर तो थेट चंद्राला जडलेला. सत्तावीस बायकांपैकी एकट्या रोहिणीवर जीव लावला म्हणून सासऱ्याने, दक्षाने, शाप दिला आणि चंद्र झिजू लागला, अशी ती कथा. कॉख यांच्या शोधामुळे कारण हाती आले, औषध आले नाही. पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानेच गेल्या. वयाची २२ वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरलेली होती. त्या काळी डॉक्टरच्या पिशवीत डॉक्टरसाठीसुद्धा काही नव्हते.

क्षयाचा जंतू आळशी आहे आणि आळस हेच त्याचे बळ. आतड्यात राहणारे काही साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. याला त्यासाठी जवळपास एक दिवस लागतो. अंगावर मेणासारखे जाड आवरण असते. फुफ्फुसाचा क्षय असलेला माणूस खोकतो, बोलतो, गातो तेव्हा अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ते दुसऱ्याच्या श्वासातून आत गेले की लागण होते. मात्र लागण झाली म्हणजे रोग झाला असे नाही. जगातील सुमारे चौथाई लोकांच्या शरीरात ही लागण असते आणि त्यांतल्या पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधी तरी रोग होतो. बाकीच्यांच्या अंगात जंतू कोंडलेला राहतो. अन्न कमी पडले, मधुमेह बळावला, एचआयव्हीने प्रतिकारशक्ती पोखरली, तंबाखू-दारूने शरीर खचले किंवा दगडखाणीतल्या धुळीने फुफ्फुसे खराब झाली की कोंडवाड्याचे दार उघडते.

ताटवाटीने, कपड्यांनी, हात लावल्याने क्षय पसरत नाही. तरी घरात टीबी निघाला की आधी ताटवाटी वेगळी होते आणि खिडकी बंदची बंद राहते. सुनेला निघाला तर तिची बॅग भरून तिला माहेरी पोचवले जाते. वास्तविक योग्य औषध सुरू झाले की काही आठवड्यांतच बहुतेक रुग्णांपासून इतरांना लागण होण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. म्हणजे घरच्यांना खरा धोका असतो तो निदान होण्याआधीच्या महिन्यांत, जेव्हा सगळे एका ताटात जेवत असतात आणि खोकल्याला 'हवा बदलली' म्हणत असतात.

केस आणि नखे सोडून कुठेही होऊ शकतो, असे डॉक्टर या रोगाबद्दल सांगतात. गाठी, आतडी, मेंदूचे आवरण, गर्भाशय, मणका. अमिताभ बच्चन यांनी आपल्याला मणक्याचा क्षय झाला होता आणि तो २००० सालच्या सुमारास लक्षात आला, हे जाहीरपणे सांगितले आहे. फुफ्फुसाबाहेरचा क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही, पण तो लवकर सापडतही नाही.

आता औषधांची रीत. नेहमीच्या क्षयाला सहा महिन्यांचा कोर्स असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे; पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. सरकारी केंद्रात ती एकत्रित गोळ्यांच्या रूपात, रुग्णाच्या वजनाप्रमाणे आणि फुकट मिळतात. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते. हे आधी सांगितले नाही तर माणूस दुसऱ्याच दिवशी घाबरून गोळ्या बंद करतो. मळमळ होते, तोंडाची चव जाते, कोणाला कावीळ होते, क्वचित नजर अंधुक होते. यांतली काही लक्षणे आपोआप जातात, काहींसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. कुठले लक्षण कुठल्या पारड्यातले, हे सांगायला रुग्णासमोर बसणारे माणूस लागते.

आणि मग येतो फसवा टप्पा. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात. ताप उतरतो, भूक लागते, सैल झालेला शर्ट पुन्हा अंगाला बसतो. शरीर म्हणते, झाले. पण पेंगत पडलेले जंतू अजून शिल्लक असतात आणि त्यांना गाठण्यासाठीच उरलेले चार महिने आहेत. तेवढ्यात औषध थांबले की रोग उलटतो. मध्येच एखादे औषध चुकीच्या मात्रेत पडत राहिले तर त्याला न जुमानणारे जंतू तेवढे तगतात आणि पुढे त्यांचेच राज्य होते.

सहा महिने ही मुदत कागदावर छोटी वाटते. बीडच्या ऊसतोड मजुराच्या वर्षात ती मांडून पाहावी. दसऱ्याच्या आगेमागे उचल घेऊन नवरा-बायकोचा 'कोयता' पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. हंगाम आणि कोर्स, दोन्ही साधारण तेवढ्याच लांबीचे. भादव्यात निदान झालेल्या मजुराला गोळीचा खाडा टाळायचा तर फडावरचा खाडा पडतो आणि उचलीतून दंड कापला जातो. सरकारच्या 'निक्षय' पोर्टलवर नोंदलेल्या रुग्णाला देशातल्या दुसऱ्या ठिकाणी पुढची औषधे मिळण्याची सोय आहे, आणि ती सोय चांगली आहे. पण पोर्टल फडावर येत नाही. मजुराला अर्धा दिवस काढून जवळचे केंद्र शोधावे लागते आणि त्या अर्ध्या दिवसाची भरपाई कोणत्याही रकान्यात नाही.

गरिबाला, गर्दीच्या घरात ठेवूनही हा रोग बरा करता येतो, हे जगाला भारतानेच दाखवले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्षय म्हणजे सॅनेटोरियम. आपल्याकडे पाचगणीचे बेल-एअर, मिरजेजवळचे वॉन्लेसवाडीचे रुग्णालय अशी नावे आजही जुन्या पिढीच्या बोलण्यात येतात. मोकळी हवा, दूध, अंडी आणि महिनोन्‌महिने विश्रांती. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि प्रश्न उभा राहिला, की खाटा मूठभर आणि रुग्ण लाखांनी, तेव्हा करायचे काय? १९५६ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या प्रयोगात निम्म्या रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरी. औषधे दोघांना तीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष छापून आले. घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना जास्तीचा धोका झाला नव्हता. त्यानंतर जगभरची सॅनेटोरियमे हळूहळू रिकामी होत गेली.

शोध मोठा होता. पण यंत्रणेने त्यातून एक धडा जास्तीचा घेतला. घरच्या रुग्णांचे जेवण सॅनेटोरियमपेक्षा निकृष्ट असूनही औषधाने गुण आला, एवढेच मद्रासने सांगितले होते. पुढच्या अनेक दशकांत त्याचा अर्थ 'जेवणाचे पाहायला नको, गोळी पोचवली की काम झाले' असा लावला गेला. आपल्या समोर बसवून गोळी गिळायला लावणारी 'डॉट्स' पद्धत १९९७ पासून देशभर पसरली. रुग्णाच्या तोंडात गोळी गेली की नाही याची खूण वहीत होई. त्या तोंडात त्या दिवशी आणखी काय गेले, हे विचारायला रकाना नव्हता.

त्या रकान्याचे मोल झारखंडमध्ये मोजले गेले. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी तिथल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात 'राशन्स' नावाचा प्रयोग केला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसे. सगळ्या रुग्णांना औषधांबरोबर तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेलाचा शिधा दिला. निम्म्या गटात घरच्या प्रत्येकालाही शिधा मिळाला : महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट'ने निकाल छापला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते आणि इतरांना लागण देणाऱ्या फुफ्फुसाच्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. एखाद्या नव्या लशीने एवढी घट करून दाखवली असती तर तिच्या पेटीला हार घालून विमानतळावर फोटो काढले गेले असते. इथे लशीच्या जागी तूरडाळ होती, म्हणून बातमी आतल्या पानात गेली.

सरकारने आहाराची दखल घेतलेली नाही असे म्हणता येणार नाही. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिना ५०० रुपये जमा होऊ लागले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. म्हणजे दिवसाला ३३ रुपये. या ३३ रुपयांत एका माणसाला डाळ आणि अंडे कसेबसे बसते, पण रुग्ण एकटा जेवत नाही. घरात चार तोंडे असतील तर हे पैसे चौघांचेच होतात, आणि व्हायलाही हवेत, कारण झारखंडचा प्रयोग नेमके हेच सांगतो की शेजारी बसलेल्या मुलाच्या ताटातली डाळ म्हणजे उद्याच्या क्षयावरचा उपाय. त्यातही रक्कम उशिरा येण्याच्या, बँक खाते न जुळण्याच्या तक्रारी पहिल्या वर्षापासूनच्या आहेत. कोर्स संपल्यावर जमा झालेला हप्ता त्या सहा महिन्यांतली भूक भागवू शकत नाही. 'निक्षय मित्र' योजनेत दानशूरांनी शिध्याच्या पेट्या द्यायच्या आहेत. अनेक जण देतातही. पण उपचाराचा एक भाग देणगीदाराच्या मर्जीवर ठेवायचा, हे धोरण रिफाम्पिसिनच्या बाबतीत कोणी मान्य केले नसते. महाराष्ट्रात रेशन दुकानांचे जाळे गावोगाव आहे. रुग्णाची नोंद झाली की सहा महिने त्या कुटुंबाच्या कार्डावर डाळ-तेल आपोआप वाढावे, यासाठी नवा विभाग काढावा लागत नाही.

जेवणाचा खाडा पहिला, दुसरा हवेचा.

मुंबईच्या एम-पूर्व प्रभागात, गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला, प्रकल्पग्रस्तांना झोपड्यांतून उचलून पक्क्या इमारतींत नेले गेले. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड ही त्यांतली नावे. दोन इमारतींत जेमतेम तीन मीटरचे अंतर. खालच्या मजल्यावरच्या घरांत दुपारीही दिवा लावावा लागतो आणि खिडकी उघडली की समोरच्याची मोरी. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासकांनी या वसाहतींची जवळच्याच, जास्त मोकळ्या असलेल्या पीएमजी कॉलनीशी तुलना केली. दाट वसाहतींत क्षय कितीतरी जास्त आढळला, आणि ऊन-वारा कमी पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर धोका अधिक दिसला. क्षयाचा जंतू उन्हात फार टिकत नाही आणि वाहत्या हवेत विरून जातो, हे पाचगणीच्या काळापासून ठाऊक आहे. जे ज्ञान श्रीमंतांना डोंगरावर घेऊन गेले, ते गरिबांच्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना कोणाला आठवले नाही. चौरस फूट मोजून झाले की पुनर्वसन पूर्ण होते. तिथल्या रुग्णाने एकही गोळी न चुकवता कोर्स पुरा केला, तरी तो परत त्याच खोलीत झोपायला जातो.

तिसरा खाडा डॉक्टरांचा. डिसेंबर २०११ मध्ये डॉ. उदवाडिया यांच्या चमूने हिंदुजातील चार रुग्णांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात दिली. चाचणी करून पाहिलेल्या एकाही औषधाला त्यांचा क्षय दाद देत नव्हता. मोठी खळबळ झाली. 'पूर्णतः औषधरोधी' हा शब्दच मान्य नाही, यावर सरकारी पातळीवर बराच काथ्याकूट झाला. शब्दाच्या वादात त्या टिपणातले एक वाक्य दुर्लक्षित राहिले. चारपैकी तिघांना अनेक खासगी डॉक्टरांनी, दीड वर्षात सरासरी चार जणांनी, हवी तशी औषधे एकेक करून आणि अनेकदा चुकीच्या मात्रेत दिली होती. हे रुग्ण कोर्स सोडून पळाले नव्हते. ते पदरचे पैसे मोजत दारोदार उपचार घेत होते. धारावीतल्या ६३ प्रिस्क्रिप्शनांचा रस्ता जिथे पोचतो, तिथे हे तिघे भेटले. आज औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या जगातील रुग्णांपैकी चौथाईहून अधिक भारतात आहेत.

अशा रुग्णांसाठीचा जुना कोर्स दोन वर्षांपर्यंत चाले आणि त्यात महिनोन्‌महिने रोज टोचली जाणारी इंजेक्शने असत. कानामायसिनसारख्या त्या इंजेक्शनांनी कित्येकांचे कान गेले. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन त्यांतल्या एक. क्षयातून त्या वाचल्या, ऐकू येणे मात्र गेले. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांचेही तसेच झाले होते. या दोघींनी मिळून बेडाक्विलिन या नव्या औषधावरची मक्तेदारी लांबवण्याच्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या अर्जाला भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली. २३ मार्च २०२३ रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मूळ पेटंट त्याच वर्षी जुलैत संपले आणि स्वस्त बेडाक्विलिन बनवण्याची वाट भारतीय कंपन्यांना मोकळी झाली. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा, एकही इंजेक्शन नसलेला सहा महिन्यांचा कोर्स केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. ज्यांना 'डिफॉल्टर' म्हटले जाई त्या वर्गातल्या दोघींनी औषधाचा रस्ता मोकळा केला, याची नोंद कार्यक्रमाच्या वहीत असायला हरकत नाही.

निदानातही तशीच नवी साधने आली आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी पाहण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यातून बरेच रुग्ण सुटतात. आता जंतूची जनुके ओळखणारी यंत्रे काही तासांत रोग आणि रिफाम्पिसिनला होणारा विरोध दोन्ही सांगतात. त्यांतले 'ट्रूनॅट' गोव्यातल्या मोल्बिओ कंपनीचे आहे. ते बॅटरीवर चालते, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. अडचण यंत्रापर्यंत माणूस पोचण्याची आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोकांनी कुठेच उपचार घेतले नव्हते. आणि सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के असे होते की छातीचा एक्स-रे काढला नसता तर ते सापडलेच नसते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटते वजन ही यादी भिंतीभिंतीवर रंगवली आहे आणि ती बरोबरच आहे. पण रोग खोकल्याची वाट पाहत नाही. जे दवाखान्यात येतात त्यांना पहिल्या भेटीत बाटलीभर खोकल्याचे औषध मिळते, दुसऱ्या भेटीत लिव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक. त्याने काही दिवस बरे वाटते, कारण ते क्षयावरही थोडेसे चालते, आणि निदान आणखी महिनाभर लांबते.

प्रतिबंधाबाबत बहुतेक घरांचा समज असा, की बाळाला बीसीजी टोचली, आता काळजी मिटली. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते. ती द्यायलाच हवी. पण मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा धरता येत नाही. तमिळनाडूतल्या चिंगलपेट भागात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत ते दिसून आले होते. घरात कोणाला क्षय निघाला तर बाकीच्यांचे संरक्षण वेगळ्या वाटेने होते. सगळ्यांची तपासणी, रोग असेल त्याला पूर्ण उपचार, आणि नसेल त्याला कोंडलेला जंतू मारणारे प्रतिबंधक औषध : आयसोनियाझिड सहा महिने रोज, किंवा रिफापेंटिनसह आठवड्यातून एकदा असे १२ आठवडे. घरातील सर्व निकटच्या माणसांना ते द्यावे, असे २०२१ पासून राष्ट्रीय धोरण आहे. धडधाकट माणसाच्या गळी ही गोळी उतरवणे सोपे नाही. 'मला काही झालेले नाही, मग औषध कशाला?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायला आशाताईंना प्रत्येक उंबऱ्यावर पाऊण तास बसावे लागते. त्या पाऊण तासाचा मोबदला किती, हे त्यांच्या मोर्च्यांत दरवर्षी ऐकू येते.

आणि शेवटी तो खाडा, ज्याचे नाव घेताना सरकारी आवाज बारीक होतो. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत नेहमीच्या क्षयाच्या गोळ्यांचा तुटवडा पडला. मार्चमध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितले. एक दिवसही चुकवू नका, असे ज्याला बजावले होते, त्या रुग्णाला खिडकीवर 'पुढच्या आठवड्यात या' हे ऐकावे लागले. त्या दिवसांचा खाडा कोणाच्या नावावर मांडायचा?

२०१८ मध्ये दिल्लीत जाहीर झालेले क्षयमुक्तीचे उद्दिष्ट होते २०२५ चे, जगाच्या पाच वर्षे आधी. २०१५ च्या तुलनेत नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी खाली आणायचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ते लाखामागे २३७ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले, म्हणजे २१ टक्क्यांची घट. जगाच्या सरासरीपेक्षा हा वेग बराच चांगला आहे आणि त्याचे श्रेय राबणाऱ्या माणसांना द्यायला हवे. तरी ८० आणि २१ यांच्यामधली दरी फलकावरची तारीख बदलून भरत नाही. देशात वर्षाला सुमारे २७ लाख लोकांना हा रोग होतो आणि सुमारे तीन लाख मरतात. दिवसाला आठशेच्या वर.

जिल्हा क्षयरोग कार्यालये दर तिमाहीला हिशेब देतात : किती सापडले, किती बरे झाले, किती निसटले. त्याच कागदावर आणखी चार आकडे छापले जावेत. या तिमाहीत किती दिवस औषधे नव्हती. किती रुग्णांचा पोषणाचा हप्ता महिनाभराहून जास्त रखडला. घरच्या किती माणसांची तपासणीच झाली नाही. किती खासगी डॉक्टरांनी रुग्ण कळवला नाही, किंवा ठरलेल्या औषधांऐवजी भलतेच काही लिहिले. हे आकडे आजही कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर, भांडारात, पासबुकात पडलेले आहेत. ते फक्त रुग्णाच्या खाड्याशेजारी आणून ठेवायचे आहेत. पालकमंत्र्यांच्या बैठकीत तो कागद फिरला, की 'निसटले' या रकान्यातली नावे वाचण्याआधी बाजूच्या चार रकान्यांवर प्रश्न विचारता येतील. यंदाचा 'कोयता' दसऱ्याला निघण्याआधी बीडपासून सुरुवात करायला हरकत नाही.